हिचे गुडघे आणि बेर्खिंगची वाट

८ मे २०१६, रविवार

आज हृषिकेशने केलरमधून त्याची जुनी सायकल वर आणून दिली. (केलर म्हणजे इमारतीखालचं तळघर. इथे जर्मनीत माणसं अडगळसुद्धा कुलपात ठेवतात.) सीट खाली केली, हवा भरली, माझ्या डोक्यावर पालथ्या टोपलीसारखं हेल्मेट बांधलं आणि घरामागच्या कालव्यावर आणून सोडलं. एकाहत्तर वर्षांचा बाप सायकलवर आणि मुलगा मागे धावतोय! म्हटलं, "सोड रे. पाटबंधारे खात्यात एकतीस वर्षं कालवा निरीक्षक होतो मी. तुझ्या जन्माआधीपासून कालव्याकडेने सायकल मारतोय."

आणि काय तो कालवा! पावणेदोनशे वर्षांपूर्वी खणलेला. तेव्हा काठावरून घोडे चालायचे आणि पाण्यातली होडी ओढायचे. आता होडी नाही, घोडा नाही, राहिली ती घोड्यांची वाट. बारीक मुरूम घालून दाबलेली, सपाट, दोन्ही बाजूंना झाडं. मोटारीला बंदी. चाकाखाली मुरूम चुरचुरतो तेवढाच आवाज. डोळे मिटले तर फलटणच्या कालव्याचा रस्ताच, फक्त ऊन कमी आणि बाभळीचे काटे नाहीत.

पायडल मारता मारता तोंडात आपोआप भुजंगप्रयात आलं. आमचे गुरुजी टेबलावर छडी आपटून म्हणून घ्यायचे, लगागा लगागा लगागा लगागा. या वाटेला ते वृत्त अगदी बरोबर बसतं. चढ आला असता तर शार्दूलविक्रीडित घ्यावं लागलं असतं, पण कालव्याला चढ कुठला?

हृषिकेश म्हणाला, ही वाट अशीच साठ किलोमीटर बेर्खिंग नावाच्या गावापर्यंत जाते. गावाला अजून जुना तट आहे, वेशी आहेत. ठरवून टाकलं. २४ जुलैचं परतीचं विमान आहे, त्याआधी सायकलवरून बेर्खिंगच्या वेशीत शिरायचं.

हिला सांगितलं. ही म्हणाली, "पडाल."

१४ मे, शनिवार

रोज सकाळी सात ते दहा फेरी. आज वेंडेलश्टाइन गावाच्या पुढे गेलो. रात्रीच्या जेवणाआधी हिला सगळं वर्णन करून सांगतो. ही भाजी निवडते, मी सांगतो. हिला प्रत्यक्ष पाहिल्यासारखं वाटत असणार. काशीला मी एकटाच गेलो होतो, हृषिकेशची बारावी होती म्हणून ही राहिली. तेव्हाही आल्यावर आठ दिवस मी हिला घाट दाखवत होतो.

आज हिने एकदम विचारलं, "वळणावर सायकल आपली आपण वाकते, का वाकवावी लागते?"

मी तासभर समजावलं. मग म्हणाली, "आणि थांबताना आधी कुठला पाय टेकायचा?"

बेचाळीस वर्षांच्या संसारात माझ्या सायकलीबद्दल हिने पहिल्यांदा काही विचारलं. परदेशात माणसं जवळ येतात म्हणतात ते खोटं नाही.

२२ मे, रविवार

पाऊस. फेरी नाही. खिडकीत बसून जुने दिवस आठवले.

१९७५. फलटणची पाटबंधारे वसाहत. लग्नाला एक वर्ष झालेलं. मी हिला सायकल शिकवायला काढली होती, माझीच, मधल्या दांडीची, पुरुषी. चारीच्या (शेताला पाणी नेणाऱ्या पाटाच्या) कडेने मी कॅरिअर धरून पळायचो. तिसऱ्या दिवशी जरा सोडली, तर ही सरळ चारीत! अंगावर दिवाळसणाचं नवं पातळ. चिखलात बसलेली ही आणि वर चाक फिरतंय. मला इतकं हसू आलं की हिला हात द्यायलासुद्धा उशीर झाला. त्याच रात्री कविता सुचली. पहिल्या दोन ओळी अजून आठवतात:

कुठे ही निघाली हवेच्या रथाने,
पडे चारिमध्ये नव्या पातळाने!

('चारी'तला री ऱ्हस्व केलाय, पण वृत्तासाठी तेवढी सूट असते.) कोजागिरीला वसाहतीच्या गच्चीवर म्हटली. एक्झिक्युटिव्ह इंजिनिअरसाहेबांनी 'वन्स मोअर' दिला. पुढे वर्षभर वसाहतीतल्या पोरांनाही पाठ होती. कवीला आणखी काय पाहिजे?

मग का कोण जाणे, हिने सायकल शिकणं सोडलं. संसारात वेळ कुठे मिळतो.

३१ मे, मंगळवार

काळजीची गोष्ट. हिच्या डाव्या नडगीवर काळानिळा डाग दिसला. विचारलं तर, "न्हाणीघरात आपटले."

सून ऊर्मिला शेजारीच उभी होती. ती पटकन म्हणाली, "हो बाबा, टाइल्स फार गुळगुळीत आहेत." आणि नात इरा, वय वर्षं नऊ, हिने जर्मनमध्ये काहीतरी सुरू केलं, मध्येच स्वतःच्या तोंडावर हात दाबला आणि पळून गेली. या मुलीला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इथल्या भाषेत देते. घाबरली असेल बिचारी.

३ जून, शुक्रवार

दुसरा डाग. उजव्या गुडघ्याला. खरचटलंयसुद्धा. "पुन्हा न्हाणीघर?" "हो."

सहासष्टाव्या वर्षी चार दिवसांत दोनदा पडणं म्हणजे नुसता पाय घसरणं नव्हे. तोल जातोय. हिच्या आईचंही शेवटी असंच झालं होतं. रात्री झोप लागली नाही. हिला मात्र गाढ लागते आजकाल, दमल्यासारखी.

५ जून, रविवार

आज माझ्या हातून राष्ट्रीय गुन्हा घडला.

काल दुकानातून न्हाणीघरात लावायला धरायचा दांडा आणला होता. आज सकाळी नाश्त्यानंतर हृषिकेशचं ड्रिल काढलं आणि भिंतीला भोक पाडायला घेतलं. दुसरं भोक अर्धं झालं असेल, दारावर घंटा. खालच्या मजल्यावरच्या फ्राउ लेश्नर. ऐंशीच्या पुढची बाई, पण आवाज खणखणीत. "हॉयटं इस्ट झोन्टाग!" आज रविवार आहे, एवढं मलाही कळलं. इथे रविवारी भिंतीत खिळासुद्धा ठोकायचा नाही, काचेच्या बाटल्या टाकायच्या नाहीत, शेजाऱ्याच्या शांततेला धक्का लावायचा नाही. शिवाय भाड्याचं घर. हृषिकेश टॉवेल गुंडाळून बाहेर आला आणि कपाळाला हात लावला.

"बाबा, निदान विचारायचं तरी!"

मी इराला म्हटलं, "आजींना समजावून सांग, तुझी आजी न्हाणीघरात सारखी पडते, म्हणून दांडा लावतोय."

इराने सांगितलं. फ्राउ लेश्नरनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या हिच्याकडे. आणि त्या बाई हसायलाच लागल्या! डोळ्यांत पाणी येईपर्यंत. हिच्या दंडावर थोपटलं, "या, या, दास बाद!" (म्हणजे हो, हो, न्हाणीघर!) म्हणाल्या आणि हसतच जिना उतरल्या.

दुसऱ्याच्या पडण्याला असं हसावं? मला राग आला. हिचा चेहरा लाल झाला होता. अपमान झाला असणार. मी म्हटलं, "मनावर घेऊ नकोस." ही म्हणाली, "नाही घेतलं."

दांडा एका स्क्रूवर लोंबतोय.

६ जून, सोमवार

फ्राउ लेश्नरनी मुका मार लागला तर चोळायचं मलम पाठवलं. नवी ट्यूब. कालचा राग मागे घेतला.

९ जून, गुरुवार

हृषिकेशला म्हटलं, आईला डॉक्टरकडे ने. तो म्हणाला, "बघतो." नंतर कळलं, हाडांच्या डॉक्टरचा टर्मिन, म्हणजे भेटीची वेळ, मिळालाय २ ऑगस्टचा. विमान २४ जुलैला! या देशात पडायचं असेल तर आधी दोन महिने कळवावं लागतं. हृषिकेशला म्हणालो, तातडीचं काही मिळत नाही का? तो लॅपटॉपमध्ये बघत म्हणाला, "बाबा, आई ठीक आहे. खरंच." आईच्या बाबतीत मुलगे इतके थंड कसे होतात? कामाचा ताण असेल.

१५ जून, बुधवार

हिने ऊर्मिलाची काळी ट्रॅकपँट घातली. वरून कुर्ता, ओढणी कमरेला खोचलेली. जन्मभर साडीशिवाय न दिसलेली बाई! म्हणाली, "इथे थंडी वाजते पायांना." जूनमध्ये? रक्ताभिसरण मंदावल्याचं लक्षण. लिहून ठेवतोय, तिकडच्या डॉक्टरांना सांगायला बरं.

फेरीतही लक्ष लागत नाही. लगागा तोंडात येतं आणि मध्येच हिचे गुडघे दिसतात. आज निम्म्यातून परत आलो. घरी कोणी नाही. ऊर्मिलाचा आज घरून काम करायचा दिवस, लॅपटॉप उघडाच, आणि दोघी बाहेर. साडेनवाला आल्या, हिचा चेहरा घामाने डबडबलेला. "कुठे गेला होतात?" "पाय मोकळे करायला." पडणाऱ्या माणसाला घेऊन ही सून इतकी लांब जाते! सुना चांगल्या असतात, पण पोच नसते.

२१ जून, मंगळवार

हिच्या बुटांत मुरूम सापडला. तळहातालाही खरचटलंय. म्हणजे आता बाहेरही पडते आहे आणि माझ्यापासून लपवते आहे. मला त्रास नको म्हणून. असा हिचा स्वभाव. सगळं गिळायचं.

कालव्यावर बराच वेळ बसलो. बेर्खिंग, वेशी, तट ही सगळी चैन. मी रोज तीन तास मुरमावर कविता म्हणत फिरतो आणि मागे हिचा तोल जातो. ठरवलं.

२४ जून, शुक्रवार

जेवताना सांगितलं. "हृषिकेश, तिकिटं अलीकडची बघ. पुढच्या आठवड्यात निघू. हिच्या तपासण्या पुण्याला करू. सायकल परत केलरमध्ये ठेव."

हृषिकेश ऊर्मिलाकडे बघतोय, ऊर्मिला हिच्याकडे. इरा एकदम मराठीत म्हणाली, "पण आजोबा, बेर्खिंग?" तिच्या तोंडून मराठी ऐकून मला भरूनच आलं. म्हटलं, "बाळा, बेर्खिंगपेक्षा आजी मोठी."

हिने ताटातला हात थांबवला. म्हणाली, "तिकिटं बदलायची नाहीत."

"अगं, पण तुझे गुडघे..."

"माझे गुडघे माझ्याजवळ राहू देत. उद्या सकाळी माझ्याबरोबर चला. हेल्मेट घ्या."

२५ जून, शनिवार

जसं झालं तसं लिहितो.

सकाळी ही मला केलरमध्ये घेऊन गेली. फ्राउ लेश्नरच्या कप्प्यातून, म्हणजे त्याची किल्ली हिच्याकडे होती, एक हिरवी बायकी सायकल काढली. खाली वाकलेल्या दांड्याची, पुढे टोपली. ढकलत कालव्यावर नेली. हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली लावला, एक पाय पायडलवर ठेवला, आणि गेली. थोडी डुगडुगली, मग सरळ. पूल ओलांडला, पलीकडे वळली, परत आली. थांबताना डावा पाय टेकला. मी सांगितला होता तोच.

सहा आठवडे शिकत होती. ऊर्मिला मागून धरायची, फ्राउ लेश्नर बाकावरून ओरडून सूचना द्यायच्या. मी सकाळी पूर्वेला जायचो, या पश्चिमेला.

मी पहिलं काय बोललो? "मला का नाही सांगितलंस? मी शिकवलं असतं."

ही म्हणाली, "तुम्ही शिकवलं होतंत एकदा."

"मग?"

हिने माझ्याकडे न बघता त्या दोन ओळी म्हटल्या. कुठेही न अडखळता. आणि पुढच्या सहाही, ज्या मी स्वतः विसरलो होतो.

"अगं, गंमत होती ती."

"कोजागिरीला गच्चीवर बेचाळीस माणसं होती. मी खाली दूध आटवत होते, वरून हसणं ऐकू येत होतं. पुढे वर्षभर गिरणीत दळण घेऊन जाताना पोरं मागून म्हणायची. मी लांबच्या बोळाने जायला लागले."

"मला कधी बोलली नाहीस."

"बोलले होते. तुम्ही म्हणालात, बघ, किती लोकप्रिय झाली."

मला आठवत नाही. पण म्हणालो असेन.

मग आम्ही घरी आलो. हिने पोहे केले.

२७ जून, सोमवार

काल दिवसभर बसून हिच्यावर नवी कविता केली. गौरवाची. सहासष्टाव्या वर्षी रथावर आरूढ झालेली वगैरे. चांगली उतरली होती. हिला वाचून दाखवली. ही म्हणाली, "छान आहे. पण माझ्यावर नका लिहू. कालव्यावर लिहा."

ऊर्मिला आत कपबशा विसळत होती. तिने नळ बंद केला होता, ऐकण्यासाठी. नंतर सोडला.

कविता फाडली नाही. फाडली तर तेही दाखवण्यासारखंच झालं असतं. घडी घालून बॅगेच्या तळाशी ठेवली.

३ जुलै, रविवार

दोघं बरोबर पंधरा किलोमीटर. मी मागून सूचना देत होतो, "डावीकडे घे, समोर कुत्रा आहे, ब्रेक सावकाश." तिसऱ्या किलोमीटरला ही थांबली. म्हणाली, "एक तर तुम्ही पुढे जा, नाहीतर गप्प बसा." मी पुढे गेलो. मागे वळून बघण्याच्या नादात झुडपात शिरलो. ही बाजूने निघून गेली, हसली नाही. खरं तर हसायला हरकत नव्हती.

९ जुलै, शनिवार. म्यूलहाउझनजवळ कालव्याकाठी, बाकावर

सव्वादोन वाजलेत. फोनवर अलार्म लावून ठेवलाय, दर अर्ध्या तासाने उठून पाय हलवायचा. कारण पुढे लिहितो.

सगळे साठ किलोमीटर हिला झेपणार नाहीत, म्हणून हृषिकेशच्या सल्ल्याने सायकलींसकट रेल्वेने नॉयमार्क्टपर्यंत आलो. तिथून बेर्खिंग बावीस किलोमीटर. पाच वाजता हृषिकेश मोटार घेऊन बेर्खिंगला येणार.

सकाळ फार सुंदर गेली. ही पुढे, मी मागे. ही मान वळवत नाही, जीभ ओठाच्या कोपऱ्यात धरते. लहानपणी हृषिकेश गणित सोडवताना धरायचा, तशीच. समोरून कोणी घंटी वाजवली की ही पण वाजवते, गरज नसताना. कालवा इथे पायऱ्या पायऱ्यांनी उतरतो. प्रत्येक पायरीला जुनं लाकडी दार, बाजूला रखवालदाराचं बैठं घर, खिडकीत फुलं. मला अशा घरात जन्म काढायला आवडलं असतं. हिला तसं म्हणालो. ही म्हणाली, "पाणी कोण भरणार?"

चौदाव्या किलोमीटरला माझा उजवा गुडघा गेला. गेला म्हणजे दुमडेचना. काल जास्तीचा सराव केला त्याचा हा प्रसाद. कसाबसा या बाकापर्यंत आलो. हिने नॅपकिन कालव्यात भिजवून गुडघ्यावर ठेवला.

"किती राहिलं?"

"आठ किलोमीटर," मी म्हटलं. "आता हट्ट नको. हृषिकेशला फोन कर, इथेच बोलावून घे. दोघं मोटारीतून बघू बेर्खिंग."

हिने नॅपकिन पिळून पुन्हा ठेवला. मग टोपलीतून पाण्याची बाटली काढली, लाडवांचा डबा काढला, माझी ही वही काढली. बाकावर माझ्याशेजारी ओळीने मांडलं.

"सावलीत बसा. मी जाऊन येते."

"एकटी?"

"वाट एकच आहे. चुकीन कशी?"

"अगं, पण मध्ये मोठा रस्ता लागला तर, आणि तोल..." एवढं बोललो आणि थांबलो. हिचा एक पाय पायडलवर होता. माझं बोलणं संपायची वाट बघत होती, बायका बघतात तशी, नुसती सवयीने. मी म्हटलं, "फोन चालू ठेव." ही म्हणाली, "ठेवते."

विलोच्या झाडांमागे हिची ओढणी वळेपर्यंत बघत होतो.

बेर्खिंगची वेस आधी मी बघायची आणि मग हिला सांगायची असं मनात होतं, हे आत्ता लिहिताना लक्षात येतंय. 

अलार्म झाला. पाय हलवला.

पावणेतीन

फोन आला. धापा टाकत होती.

"पोचले."

"पडलीस नाही ना?"

"एकदा. गवतात. कोणी नव्हतं." मग म्हणाली, "असतं तरी चाललं असतं."

"वेशीतून आत गेलीस?"

"आत्ताच."

"कसं आहे? तट दगडी आहे का? बुरूज किती? कालवा गावातून जातो की..."

पलीकडून कपबशांचा आवाज येत होता, कुठलं तरी पोर किंचाळत होतं, चर्चची घंटा वाजत होती. मला वाटलं, फोन टोपलीत ठेवून ही विसरली.

"मनोरमा?"

"अहो," ही म्हणाली, "आधी मला नीट बघू द्या."

आणि फोन ठेवला.

साडेतीन

बदकं येऊन लाडवाचा चुरा खाऊन गेली. एक जर्मन जोडपं थांबलं, गुडघ्याकडे बोट दाखवून काहीतरी विचारलं. मी 'दांकं', म्हणजे धन्यवाद, म्हटलं, त्यांनी एक सफरचंद दिलं आणि ते निघून गेले. झाडाची सावली बाकावरून सरकली तसा मीही सरकलो.

अजून फोन नाही. बघत असेल.